मु. पो. धामणकर नाका

आपल्याकडे एखादा माणूस 'रस्त्यावर आला' म्हटलं की ऐकणारा आधी चुकचुकतो आणि मग हळूच विचारतो, "पत्ते की शेअरबाजार?" मी यातलं काहीच केलेलं नाही. मी एकूण 1,26,400 रुपये मोजून, नारळ फोडून, सोसायटीतल्या बायकांकडून ओवाळून घेऊन रस्त्यावर आलो. आणि रस्ता तरी कुठला? राहत्या घरापासून दोनशे पावलांवरचा.

मूळ दोष नोकरीचा. भिवंडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मी 28 वर्षं बिल्टी फाडली. माल पाठवणारा, माल घेणारा, नग, वजन, भाडं, हमाली, आणि वरच्या कोपऱ्यात गावाचं नाव. इंदूर, ग्वाल्हेर, कानपूर, गुवाहाटी. इंदूर इतक्या वेळा लिहिलं की झोपेतसुद्धा त्याचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला नसता. स्वतः मात्र त्या दिशेला नाशिकच्या पुढे गेलो नव्हतो. नाशिकलाही गेलो होतो ते मामेसासऱ्यांच्या दहाव्याला, एसटीने, संध्याकाळी परत.

माझ्या खिडकीला जाळी होती. जाळीपलीकडून ड्रायव्हर विचारायचे, "साहेब, गाडी कधी खाली होणार?" मी म्हणायचो, "थांबा." नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द हाच असावा. मग ते थांबायचे. कधी एक दिवस, कधी तीन. ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटायचा, कुकरची शिट्टी व्हायची, कुणी अंघोळ उरकून बनियन बंपरवर वाळत घालायचा, आणि मी जाळीतून बघत मनात म्हणायचो, काय राजा माणूस आहे! ना घरभाडं, ना मेंटेनन्स, ना वरच्या मजल्यावरचे शेजारी. त्या राजाला तिथे खोळंबवून ठेवणारा मीच, हे कधी डोक्यात शिरलं नाही.

निवृत्त झालो आणि हातात दिवसभर मोबाइल आला. त्यात एक परदेशी जोडपं व्हॅनमध्ये राहत होतं. व्हॅनमध्ये लाकडी पलंग, छोट्या दिव्यांची माळ, मागचं दार उघडलं की थेट समुद्र. कुत्रंही शहाणं. ते बघून मला 28 वर्षांच्या सगळ्या बिल्ट्या आठवल्या. त्यात 2021 साली राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्याचं कात्रण सापडलं. ते मी हिला वाचून दाखवलं. "सरकारचाही पाठिंबा आहे," मी म्हणालो. ही म्हणाली, "सरकारने कॅरव्हॅनला परवानगी दिलीय. तुम्हाला दिलीय असं कुठे लिहिलंय?"

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "बाबा, करायचंच असेल तर नीट ट्रॅव्हलर बघा." ट्रॅव्हलर म्हणजे आकुर्डीची. आपण ज्याला सरसकट 'टेम्पो' म्हणतो तो शब्द मुळात एका जर्मन कंपनीचा आहे. त्यांची तीनचाकी इथे बनवायला 1958 साली बजाज टेम्पो निघाली आणि कंपनीचं नाव मालवाहतुकीच्या भाषेत कायमचं मुरलं. पुढे मॅटाडोर आली, मग 1987 साली ट्रॅव्हलर. हे सगळं मला पाठ होतं, कारण माहितीला पैसे पडत नाहीत. ट्रॅव्हलरला पडतात. बरी म्हणावी अशी जुनी ट्रॅव्हलर माझ्या फंडाचा मोठा लचका तोडून गेली असती. मॅटाडोर 2000 सालीच बंद झाली. उरली ओम्नी.

ओम्नीबद्दल मी वाईट बोलणार नाही. 1984 साली ती 'मारुती व्हॅन' म्हणून आली, 1988 मध्ये ओम्नी झाली, 2019 मध्ये थांबली. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि सव्वातीन मीटरच्या थोडी वर लांबी, एवढ्या भांडवलावर तिने 35 वर्षं या देशातलं दूध, पाव, रुग्ण, नवरदेव आणि हिंदी सिनेमात पळवून नेलेली माणसं वाहिली. माझ्या वाट्याला आली तिच्यात जो दोष होता तो तिचा नव्हता. ती 2009 सालची होती. त्यानंतरच्या 15 वर्षांत तिला जे भेटले त्यांचा थोडा, आणि शेवटी जो भेटला त्याचा फार.

ती दाखवणारा एजंट तोंडाने गोड होता. "काका, डॉक्टर साहब की गाडी है. सिंगल हँड." जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टरांइतक्या गाड्या कुणीच विकत नाही. सगळे डॉक्टर गाडी फक्त रविवारी चालवतात आणि तीही हळू. मी विश्वास ठेवला. मीटरवर 48 हजार किलोमीटर होते. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र देवळाच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत झालेलं. मला वाटलं, डॉक्टर रोज पुसत असतील.

अगदीच बावळटासारखा गेलो नव्हतो. आमच्या वजनकाट्यावर असणारे एक जुने सहकारी गाड्यांतले जाणकार. त्यांनी बजावलं होतं, "पत्र्याला चुंबक लावून बघ. चिकटलं तर पत्रा, पडलं तर लांबी." म्हणजे सडलेल्या पत्र्याला भोक पडलं की त्यावर लांबी भरून वर रंग मारतात, लांबीला चुंबक चिकटत नाही. घरात चुंबक शोधलं तर फ्रिजवर होतं, रत्नागिरीहून आणलेलं, आंब्याच्या आकाराचं. ते मी खिशातून काढून सरकत्या दारावर लावलं. आंबा टपकन खाली पडला. दुसरीकडे लावला. पुन्हा पडला. चाकाच्या वर लावला, तिथून घसरत घसरत टायरवर येऊन थांबला. एजंट माझ्याकडे बघत होता. मी आंबा उचलून पुसला आणि म्हणालो, "चुंबक जुनं झालंय."

दुसरी सूचना होती, इंजिन थंड असताना सुरू करून बघ. सकाळी पहिल्या सेल्फला जी खोकते ती आतून आजारी. मी गेलो तेव्हा बॉनेट गरम लागलं. मला ती अगत्याची खूण वाटली. बॉनेटखाली ओम्नीचं इंजिन नसतंच, ते ड्रायव्हरच्या बुडाखाली असतं, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. नुसत्या उन्हाने तापलेल्या बॉनेटवर हात ठेवून मी 'वा' म्हणालो. तिसरी सूचना रेडिएटरचं पाणी बघण्याची. झाकण उघडलं तर आत लालसर पाणी. कुलंट लाल असतं एवढं मी ऐकलं होतं. "कुलंट भरलेलं आहे," मी एजंटला माझं ज्ञान दाखवलं. तो क्षणभर गप्प झाला आणि मग फार आदराने म्हणाला, "काका को सब मालूम है." ते कुलंट नव्हतं. तो गंज होता.

85 हजार सांगितले, मी घासाघीस करून 78 हजारांवर आणले आणि रात्री हिला म्हणालो, "सात हजार वाचवले."

गाडी घरी आणून मॅट उचलली तर खाली सात पेन्सिली, दोन कर्कटकं, एका डब्याचं झाकण आणि सुकलेली अर्धी पोळी निघाली. मागच्या सीटच्या पाठीवर कुणी टोकदार वस्तूने तेराचा पाढा कोरला होता, तेरा चोक बावन्नपर्यंत. त्याच्यापुढे सीट संपली होती की विद्यार्थ्याचं ज्ञान, कळायला मार्ग नाही. मी एजंटला फोन केला. "डॉक्टर साहब के बच्चे," तो म्हणाला. सोमवारी सकाळी मी गाडी पुसत होतो तेव्हा दप्तरं लावलेली पाच पोरं धावत आली, दार सर्रकन सरकवून आत चढली आणि बसूनसुद्धा घेतली. एकाने तर "अंकल, आज लेट हो गये" म्हणून मलाच दटावलं. डॉक्टरांना एवढी मुलं नसावीत.

"पेपर क्लिअर" असं एजंटने सांगितलं होतं आणि ते शब्दशः खरं होतं. क्लिअर कागदावर क्लिअर अक्षरांत लिहिलं होतं की नोंदणीची 15 वर्षं चार महिन्यांनी पुरी होतात. पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग. त्याची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 झालेली. वर पर्यावरण कर, विमा, नाव बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30, पीयूसी. सगळं मिळून 17,400. मी बिल्टीवाला माणूस, कागदाला घाबरत नाही. घाबरलो ते सीटला.

त्याचं असं झालं, की उत्साहाच्या भरात मागची सीट मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली होती. तिथे पलंग येणार होता. सीट चांगली लांबरुंद, टाकवेना, म्हणून नाक्यावरच्या चहावाल्याला दिली. त्याने ती भिंतीशी विटांवर टेकवली, बाकडं झालं. पासिंगला गेलो तर साहेबांनी आत डोकावून विचारलं, "काका, आरसीवर पाच सीटा आहेत. इथे दोनच?"

"बाकीच्या नाक्यावर आहेत," मी खरं ते सांगितलं.

ते हसले नाहीत. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. मूळ गाडीत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. त्यांचं बरोबर होतं. कॅरव्हॅन म्हणून रीतसर नोंद होणारी गाडी वेगळी आणि प्लायवूड ठोकलेली माझी गाडी वेगळी, हे त्या कात्रणात मी वाचायला हवं होतं. मी परत आलो आणि चहावाल्याला म्हणालो, "सीट दोन दिवस हवी." त्याने गिऱ्हाइकांकडे बघितलं, सीटकडे बघितलं. "दोनशे रुपये रोज," तो म्हणाला, "धंद्याची खोटी होते." माझीच सीट मी भाड्याने आणली, चार बोल्ट आवळले, पासिंग करून घेतलं. आणि मग, कलम 52 ची क्षमा मागून, सीट परत चहावाल्याकडे पोचवली. पलंग नुसता अलगद ठेवण्याचा केला, खिळा न ठोकता. फेरफार नाही, सामान आहे, असं मी स्वतःला समजावलं. साहेबांना समजावायला गेलो नाही.

पलंगाचा हिशेब भूमितीचा होता. पुढच्या सीटांच्या मागे जागा निघाली पाच फूट तीन इंच. मी पाच फूट आठ. सुतार म्हणाला, "पाय दुमडा." मी म्हटलं, कर्ण मोठा असतो. शाळेत पायथागोरस शिकवतात तो अशाच वेळेसाठी. तिरपा झोपलो तर मावत होतो. फक्त उशी एका चाकावर, टाचा दुसऱ्या चाकावर आणि मधला मी खळग्यात. गादी पद्मानगरातून यंत्रमागाच्या चिंध्या भरून करून घेतली, पडदे सेकंडच्या ग्रे कापडाचे. भिवंडीत राहून पडद्याला पैसे घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सुतार आणि सामान 14 हजार. सरकत्या दाराचे रोलर, क्लच प्लेट आणि दोन जुने टायर 6,500.

ही येणार नव्हती. "त्या पेटीत मी झोपायची नाही. तुम्ही तीन आठवडे हिंडा, मी सांगलीला ताईकडे जाते." घराची किल्ली शेजाऱ्यांकडे. मी निघणार म्हणून सोसायटीत कळलं होतं, किंवा मी कळवलं होतं. फेब्रुवारीतला गुरुवार, पहाटे साडेचार. नारळ फुटला, ओवाळणं झालं, शेजाऱ्यांनी मोबाइलवर चित्रण केलं. आदल्या संध्याकाळी हिने धपाट्यांचा डबा दिला होता आणि बजावलं होतं, "पोचलात की फोन करा."

"अगं, मी पोचायला निघालेलो नाही. हिंडायला निघालोय."

"मग हिंडून झालं की करा."

कल्याण नाका, रांजनोली, हायवे. मुंबई-आग्रा रस्ता! 28 वर्षं ज्या रस्त्यावर मी फक्त माल सोडला त्यावर मी स्वतः होतो. इंदूर साधारण 550 किलोमीटर. वडपे मागे पडलं आणि मला गाणं सुचू लागलं. मग बूड गरम लागू लागलं. फेब्रुवारीच्या पहाटे ऊब बरी वाटली. पडघ्याच्या अलीकडे ती ऊब सोसेना, काट्याकडे बघितलं तर तो लाल रेघेच्याही पलीकडे जाऊन विसावला होता, आणि सीटच्या चहूबाजूंनी वाफ येऊ लागली. इडलीला कसं वाटत असेल याचा अनुभव फार थोड्या माणसांना असतो. मीटर बघितला. घरापासून 19 किलोमीटर.

मिस्त्री पिकअप घेऊन आला, दोर बांधला. इंदूरला निघालेला माणूस उजाडता उजाडता उलट दिशेने, दोराच्या टोकाला, न्यूट्रलमध्ये स्टिअरिंग धरून परत आला. धामणकर नाक्याजवळच्या गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रीचं गॅरेज. मेट्रो 5 चा पहिला टप्पा ठाण्याहून येऊन धामणकर नाक्यालाच संपतो. माझाही तिथेच संपला.

मिस्त्रीने इंजिनात पट्टी बुडवून वर काढली. तिच्यावर तेल असायला हवं. होतं ते दूध जास्त घातलेल्या चहासारखं काहीतरी. "हेडगॅस्केट उड गया. ऑइल में पानी. रेडिएटर पूरा चोक है काका, गंज से भरा." हेड खोलायचं, लेथवर फेसिंग करायचं. लेथवाला? "कल शुक्रवार." भिवंडीत शुक्रवारी यंत्रमाग बंद, आणि त्यांच्या मागे अर्धं गावही. "शनिवार को देगा, इतवार को गाडी रेडी."

आता सरळ मनुष्य काय करेल? दोनशे पावलं चालून घरी जाईल. पण किल्ली शेजाऱ्यांकडे. पहाटे ज्यांनी चित्रण केलं त्यांच्याकडे दुपारी जाऊन किल्ली मागायची? मी ठरवलं, रस्त्यावर राहायला निघालो होतो ना, मग राहू. रस्त्यावर कुठे हे कुठे ठरलं होतं? पडदे ओढून घेतले.

ओम्नीत राहण्यातली एक अडचण त्या परदेशी जोडप्याने सांगितली नव्हती. तिचं इंजिन उघडलं की ते बेडरूममध्ये उघडतं. पुढची सीट उलटवून मिस्त्रीने हेड काढून नेलं. उशीपासून हातभर अंतरावर तीन उघडी सिलिंडरं आ वासून माझ्याकडे बघत होती. जळक्या तेलाचा वास, त्यावर धपाट्यांचा. डास पडद्यातून नाही, सडलेल्या पत्र्यातून यायचे. लांबी मिस्त्रीच्या दोराला हिसका बसला तेव्हाच गळून पडली होती. दिव्यांची माळ मी थेट गाडीच्या बॅटरीला जोडली होती. साडेदहाला ती लाल होत होत विझली. मी कर्णावर पडून होतो. वरच्या बाजूने नाक्याचा हॉर्न, खालच्या बाजूने गल्लीतली कुत्री. शहाणं एकही नव्हतं.

"काय साहेब, झोप लागंना का?"

पडदा सारला. पलीकडे दहा चाकी ट्रक उभा होता आणि त्याच्या कडेला स्टोव्ह पेटलेला. ड्रायव्हर पाथर्डीकडचा, पन्नाशीचा. गाडी खाली व्हायची वाट बघत दोन दिवस तिथे होता. त्याने मला पितळीत पिठलं आणि बाजरीची भाकरी दिली आणि बॅटरीच्या उजेडात माझा चेहरा नीट बघितला.

"तुमी बिल्टीवाले साहेब ना? जाळीतले?"

मी घास गिळला.

"आवं, वळखलं नाय का? मागं दिवाळीत तीन दिवस थांबावलं व्हतं मला. पाडव्याला हितंच व्हतो, तुमच्या गेटाबाहेर."

आठवत नव्हतं. असे किती पाडवे असतील, तेही आठवत नव्हतं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, जुन्या ओळखीचा आनंद होता. त्यामुळे मला भाकरी आणखी जड गेली. दुसरी वाढली ती मात्र खाल्ली.

त्या दोन रात्रींत त्याने मला जे शिकवलं ते मोबाइलमध्ये कुठे नव्हतं. ट्रकच्या कुशीला लोखंडी पेटी असते तिच्यात त्याचं सगळं स्वयंपाकघर: स्टोव्ह, कढई, तवा, मिठा-मसाल्याचा डबा, चिमटा. एवढंच. माझ्याकडे घडीचं टेबल होतं, काचेचे मग होते, कॉफी गाळायचं यंत्र होतं आणि पाण्याचा कॅन नव्हता. तो म्हणाला, आधी पाणी बघायचं, मग सावली, मग जेवण. खिडक्या समोरासमोरच्या दोन बोटं उघड्या ठेवायच्या म्हणजे हवा खेळते. गाडी उभी करायची ती डोकं चढाकडे येईल अशी. मी उतारावर डोकं करून झोपलो होतो, म्हणून रात्रभर कान वाजत होते. बॅटरीवर इंजिन सुरू करायचं, माळा नाही लावायच्या. अंघोळ पेट्रोल पंपावर, पंप डिझेल भरताना ठरवायचा. भाजी बाजार उठताना घ्यायची. आणि गाडी थंड असताना रोज पाणी-तेल बघायचं, "माणसानं तोंड धुवावं तसं." हे सगळं तो सांगत असताना मी कॉफीचं यंत्र पायाने पलंगाखाली ढकलत होतो.

शुक्रवारी दुपारी हिचा फोन. "कुठे पोचलात?"

मी पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. खोटं बोलायची मला सवय नाही. "समोर मोठ्ठे खांब आहेत," मी म्हणालो. "ओळीने. वर छत."

"खांब? अगं बाई, मांडवगडला पोचलात की काय?"

"...भव्य आहे," मी म्हणालो.

"फोटो पाठवा."

"रेंज नाही," मी त्याच रेंजवर बोलत सांगितलं.

संध्याकाळी शेजारी चहाला आले. चहावाल्याचं बाकडं, म्हणजे माझी मागची सीट, माझ्या गाडीपासून दहा फुटांवर. ते माझ्याच सीटवर बसून आणखी दोघांना माझी हकिगत सांगत होते. "धाडसी माणूस. आता नर्मदा ओलांडली असेल." मी सेकंडच्या ग्रे कापडामागे श्वास रोखून ऐकत होतो. इतकं चांगलं माझ्याबद्दल माझ्या निरोपसमारंभातही कुणी बोललं नव्हतं. एकाने शंका काढली, "ही गाडी त्यांच्यासारखीच दिसते." शेजारी म्हणाले, "छे, त्यांची चांगली आहे."

शनिवारी सकाळची शाळा. सात वाजता दार सर्रकन सरकलं. दप्तर लावलेलं एक पोरगं आत डोकावलं, त्याने उघडी सिलिंडरं बघितली, गादी बघितली, लुंगीत कर्णावर पसरलेला मी बघितला आणि नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अंकल, आप इधरीच रहते क्या?" दुधाची पिशवी हातात घेऊन शेजारी त्याच्या मागेच उभे होते.

त्यांनी मला काही विचारलं नाही. नुसती किल्ली पुढे केली. बातमी मात्र माझ्याआधी सांगलीला पोचली. अर्ध्या तासाने हिचा फोन आला, आवाज अगदी गोड.

"मी उद्या परत येतेय. मांडवगडहून निघताना अर्धा लिटर दूध घेऊन घरी ठेवा."

दुपारी पाथर्डीवाल्याची गाडी खाली झाली. तासाभरात त्याला रिटर्न भाडंही मिळालं. ताडपत्रीचे दोर आवळत तो माझ्याकडे आला. "साहेब, इंदूरचं भाडं लागलं. येता का? केबिनीत जागा हाये." खरंच जागा होती. सीटमागे झोपायची फळी सहा फुटांची, सरळ, कर्ण न धरता. मी फळीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मला दूध न्यायचं होतं. तो गेला. जाताना त्याच्या हातात मी घडीचं टेबल दिलं. त्याने ते उलटसुलट बघितलं आणि पेटीत मावत नाही म्हणून परत दिलं.

हेड, गॅस्केट, रेडिएटर, तेल, मजुरी आणि दोरासकट पिकअपचं भाडं धरून 10,500. जुनी सवय म्हणून मी हिशेब मांडला: 1,26,400 भागिले 19, म्हणजे किलोमीटरला 6,652 रुपये आणि वर काही पैसे. एवढं भाडं लावलं असतं तर आमच्या मालकांनी मला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं. गाडी आता उत्तम चालते, रोज सकाळी तोंड धुतल्यावर मी तिचं पाणी-तेल बघतो. पलंग काढला आहे, हिने त्यावर गव्हाची पिंपं ठेवली. मागची सीट द्यायला चहावाला तयार नाही. तिच्यावर बसून लोक आता माझीच गोष्ट ऐकतात, त्यामुळे तिची किंमत वाढली आहे, असं त्याचं म्हणणं.

तर, ओम्नी, 2009 मॉडेल, एका निवृत्त गृहस्थांची, फारच थोडी चाललेली, विकणे आहे. पासिंग 2029 पर्यंत, कागद क्लिअर. बघायला धामणकर नाक्यावर कधीही यावं. येताना चुंबक आणू नये.